तांबडीचं अंडं

कोंबड्यांना लस द्यायची ती त्या खुराड्यातून सुटायच्या आत. म्हणजे मी शेणव्याहून उजाडायच्या आधी निघायचं, आदल्या दिवशी मासेवाल्याकडून आणलेला बर्फ थर्मासात भरायचा आणि तासभर चालत पाड्यावर पोचायचं. मी पशुसखी. नाव भारदस्त आहे, काम कोंबड्यांचे पंख धरायचं.

गेल्या साली पाड्यावर मानमोडीचा रोग आला आणि आठ दिवसांत एक कोंबडी उरली नाही. बायांनी पाहुण्यारावळ्यांकडून पिल्लं आणून पुन्हा जमवाजमव केली. या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी घेतलं होतं. पहिल्यांदा डोळ्यात थेंब, महिन्याने पंखाला सुई. थेंब सगळ्यांनी मुकाट घेतले.

मग पाड्यावरच्या बायडीने फोडलेल्या अंड्यात रक्ताचा ठिपका निघाला. दोन दिवसांनी गंगीच्याही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! एरवी ही माणसं अंडं उकडून खातात, आत ठिपका आहे की नाही कोण बघतंय? आता जो तो वाटीत फोडून निरखू लागला. लशीनंच झालं म्हणे.

मी समजावलं. अंडं तयार होताना कोंबडीच्या पोटात बारीकशी शीर फुटते, थेंबभर रक्त आत राहतं. चमच्याने काढा आणि खा, न काढता खाल्लं तरी काही होत नाही. बायडीच्या चुलीवर मी तसलं अंडं तळून सगळ्यांदेखत खाल्लं.

"तू सरकारची बाय," गंगी म्हणाली, "तुला पचल. आमाला नाय पचत."

दुसऱ्या खेपेला गेले तर कोंबड्या मुद्दाम लवकर सोडलेल्या. तिसऱ्या खेपेला एखादी तरी तयार होईल या आशेवर मी बाटलीतली लशीची पूड पाण्यात कालवली. कालवलेली लस दोन तास टिकते. दोन तास मी आंब्याखाली बसून राहिले, कोणी फिरकलं नाही. बाटली खड्डा करून पुरली आणि परत निघाले. खरं बोलायचा इतका कंटाळा मला आयुष्यात कधी आला नव्हता.

त्याच आठवड्यात किन्हवलीच्या बाजूला कोंबड्या माना टाकायला लागल्याचं कळलं. चौथ्या खेपेला खुराडी उघडायच्या आत, अंधारातच पाड्यावर पाय ठेवला तोच बायडी म्हणाली, "तुझ्या लशीनं रगत झालं, शीतल. आता कशाला आलीस?"

"लशीनं नाय," मी म्हणाले. "तो आजार हाय. पोटात उतरलाय. आता सुई दिली तरच जाईल."

दहा मिनिटांत अंगणात काखेत कोंबड्या धरून बायांची रांग. त्रेसष्ट कोंबड्या झाल्या, दोन तासांच्या आत. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. उलट वाटलं, पहिल्याच दिवशी बोलले असते तर पायपीट वाचली असती.

रांगेत पहिली होती सकुबाई. तिचा मुलगा आणि सून वीटभट्टीवर गेलेले, चार वर्षांची नात ठमी तिच्याजवळ. पोर इतकी हलकी की अंगणवाडीच्या ताई वजनकाट्याकडे बघून उसासा टाकायच्या. सकुबाईकडे एकच कोंबडी, तांबडी. तिचं अंडं ठमीचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. दोन महिन्यांत पोरीचं वजन पाऊण किलोने वाढलं होतं.

पंधरा दिवसांनी मी सुईच्या गाठी बघायला गेले. शेजारच्या पाड्यावर खुराडी ओस पडली होती, इथे मात्र सगळ्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. बायडीने आग्रहाने चहा पाजला. गंगीनेही लस मानली. मला बरं वाटलं, का नाही वाटणार?

सकुबाईच्या अंगणात तांबडीचं डालगं रिकामं, उपडं पडलं होतं. ओट्यावर ठमी कोरडा भात खात होती.

"तांबडी कुठंय, मावशे?"

"पुरली गो."

"मेली?"

"मरतेय कशाला? चांगली चरत व्हती. पर सुई देऊन पन रगत थांबलं नाय. तीन अंडी पाहिली, तिन्हीत रगत. तू बोललीस ना, पोटात आजार उतरलाय. मंग पोरीला कसं चारू? मान मुरगाळली नि मीठ टाकून पुरली. खाल्ली पन नाय, इकली पन नाय. दुसऱ्याच्या पोराला कशाला?"

खरं सांगितलं तर हिने धडधाकट कोंबडी मारली, हे हिला जन्मभर टोचणार. आणि पाड्यावरच्या बाया पुन्हा माझ्याकडून सुई घेणार नाहीत. लाज वाटली, फार लाज वाटली.

"बरं झालं येळंवर बोललीस, पोरी," सकुबाई म्हणाली. "नायतर मी येडी चारतच बसले असते."

ठमीने भात संपवला आणि ताटली चाटायला घेतली. सकुबाई माझ्याजवळ सरकून बसली.

"मला एक पिल्लू बघ गो. तुला कळतंय त्यातलं. पर नीट पारखून दे, अंड्यात रगत येनार नाय असं."

"देते," मी म्हणाले.