पाण्याच्या दिवशी मरणारा मासा

मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पलंगाएवढी काचेची पेटी, तिच्यात तीस-चाळीस लाल-सोनेरी मासे, आणि पेटीला टेकून कफनीतले मीनस्वामी. माईकवर कापड दुकानातले जोतिराम बोलत होते. स्वामींनी मंगळवारी मासा जाईल म्हणून सांगितलं होतं, मंगळवारी मासा गेला, आणि बुधवारी त्यांचा मुलगा स्कूटरवरून पडूनही त्याला नुसतं खरचटलं. बायकांनी हात जोडले. मागच्या रांगेतला एकजण मोबाइलवर हे सगळं टिपता टिपता रडत होता.

"मासा मरत नाही, मासा झेलतो!" स्वामी म्हणाले. "जलतत्त्वाच्या लहरी घरातलं संकट ओढून घेतात. परदेशात याला क्वांटम म्हणतात. आपल्याकडे हे आधीपासून होतं, पण आपण विसरलो."

दारापाशी उभ्या असलेल्या भीमाशंकरला जांभई आली. तो महापालिकेचा चावीवाला. वीस वर्षं त्या भागातले व्हॉल्व त्याच्या हातात होते. तो चावी फिरवायचा तेव्हा कुठे नळाला पाणी यायचं. पाण्यासाठी पाच-पाच दिवस निमूट थांबणारी ही माणसं चमत्कारासाठी मात्र एक दिवस थांबायला तयार नसतात, हे त्याला कधीच उमगलं नव्हतं. तो आला होता तो थोरल्या बहिणीच्या धाकाने.

त्या बहिणीची, महादेवीची पाळी आली. स्वामींचा शिष्य रेवणसिद्ध वहीत लिहून घेत होता.

"राहायला कुठं? नळाला पाणी कवा आलं शेवटचं?"

"काल की," महादेवी म्हणाली.

"जलतत्त्वासाठी लागतं ते," शिष्याने खुलासा केला आणि वही स्वामींपुढे सरकवली.

महादेवीची मुलगी सिद्धेश्वरी नववीत होती. तिला आकडी यायची. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या जिन्यावर पडून तिचं कपाळ फुटलं होतं. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू केली, आणि गेलं वर्षभर एकही आकडी आली नव्हती. हे यश गोळीचं आहे, हे भीमाशंकरला स्पष्ट दिसत होतं. महादेवीला दिसत होते ते दोन मेलेले मासे. स्वामींनी सांगितलेल्या दिवशी पहिला गेला, सांगितलेल्या दिवशी दुसरा गेला.

स्वामींनी पिशवीत तिसरा मासा दिला. "हा येत्या गुरुवारी जाईल. पोरीचं उरलंसुरलं घेऊन जाईल. त्यानंतर गोळी बंद. औषध चालू ठेवलं तर माशाच्या बलिदानावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. आणि नियम ध्यानात ठेवा. शिळं पाणी नको. नळ आला की पेटी रिकामी करा, पावडरने घासून लख्ख करा, ताजं पाणी भरा."

रिक्षात भीमाशंकर चिडून म्हणाला, "अक्का, ती गोळी अचानक बंद करायची न्हाय, असं डॉक्टरनं तुज्यासमोर सांगितलं न्हवतं व्हय? बंद केली तर आकडी पयल्यापेक्षा जोरात येईल म्हणाले."

"डॉक्टर जल्मभर घे म्हनतो. ह्यांनी वार सांगितला, अन् दोन येळा खरा झाला," महादेवी धाकट्या भावाला म्हणाली. "तू तुज्या चाव्या फिरव तम्मा, ह्यात पडू नगं."

तिला दोष तरी किती द्यायचा? आईचं काळीज, त्यात पोरीच्या लग्नाची काळजी, त्यात नातेवाइकांचे टोमणे. पण भीमाशंकरच्या डोक्याची शीर तडतडत होती. मासा सांगितलेल्या दिवशी मरतो तरी कसा, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. उत्तर नसलं की शहाणा माणूससुद्धा गर्दीपुढे मुका होतो.

गुरुवार उजाडला. त्या दिवशी पाण्याची पाळी होती, पण पहाटेच मोठी जलवाहिनी फुटली आणि पाळी चुकली. मासा पेटीत मजेत फिरत राहिला. महादेवीने उपास धरला. शुक्रवारीही मासा फिरतोय. शनिवारी दुपारी दुरुस्ती झाली, भीमाशंकरने चावी फिरवली, गल्लीत बादल्या वाजल्या. संध्याकाळी तो बहिणीकडे चहाला गेला, तर मासा पोट वर करून तरंगत होता.

"संकट जबर हुतं," महादेवी डोळे पुसत म्हणाली. "दोन दिस झुंजला बिचारा."

भीमाशंकरने कप खाली ठेवला. "अक्का, पेटीतलं पानी कवा बदललंस?"

"आजच की. नळ आल्यावर. कपड्याच्या पावडरनं घासली, सगळं शिळं वतलं, ताजं भरलं. पयल्या दोनदाबी तसंच केलं."

"म्हंजे पयले दोन बी पान्याच्या दिवशीच मेले?"

"व्हय की. स्वामींनी वारच तसा सांगितला हुता."

सोलापूरच्या घराघरात ही जुनी खोड आहे. नवं पाणी येतंय असं कळलं, की पिंप, घागर, कळशी यांतलं चार दिवसांचं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतायचं. त्याच पाण्यासाठी परवापर्यंत भांडलो होतो, हे विसरायचं. माशाच्या पेटीलाही स्वामींनी घागरीचा नियम लावला होता. आणि स्वामींच्या वहीत पाण्याचा दिवस लिहिलेला असायचा. त्यात पाच मिळवले की भविष्य तयार. फक्त जलवाहिनी फुटणार, हे वहीत नव्हतं.

भीमाशंकरच्या खिशात क्लोरीन तपासायची बाटली नेहमी असे. पाण्यात दोन थेंब टाकले की क्लोरीन असेल तेवढं पाणी पिवळं होतं. त्याने पेटीतलं पाणी पेल्यात घेऊन थेंब टाकले. पेला हळदीसारखा पिवळा झाला. दुरुस्तीनंतर त्या दिवशी क्लोरीन जरा जास्तच सोडलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. माणसाला चालतं, म्हणून माशाला चालतं असं थोडंच आहे.

"मीच मारतोय की गं ह्या माशांना," तो पुटपुटला. महादेवीला ते कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

तो तडक विजापूर वेशीजवळच्या रफीकच्या दुकानात गेला. रफीक पंधरा वर्षं मासे विकत होता आणि गिऱ्हाइकांपुढे तेच तेच बोलून त्याचा घसा बसला होता.

"भीमाभाई, क्लोरीननं माशाचे कल्ले जळतात. त्याला दम घेता येत नाही," रफीक म्हणाला. "पाणी एक-दोन दिवस उघड्या बादलीत ठेवा, मग घाला. तेबी सगळं नाही. आठवड्याला चौथा हिस्सा काढा, तेवढंच नवं घाला. साबण, पावडर पेटीला लावूच नका. त्या पाण्यात, फिल्टरच्या स्पंजात बारीक जीव असतात, माशाची घाण तेच खातात. घासून टाकलं तर घाणच विष होते. स्पंज धुवायचा तर पेटीच्याच पाण्यात पिळा. खाणं दोन मिनिटांत संपेल तेवढंच. लोकांना वाटतं मासा उपाशी आहे, अन् मूठभर टाकतात. मैं बोल बोल के थक गया."

"मग स्वामींच्या पेटीतले का मरत न्हाईत?"

रफीक हसला. "त्यांचा तो वहीवाला चेला येतो ना इथं. फिल्टर माझ्याकडचा, हवेचा पंप माझ्याकडचा. आणि क्लोरीन मारायचं औषध, ही निळी बाटली, दर महिन्याला नेतो. सांगून गेलाय, गुरुजींच्या माशांना जरा पण त्रास व्हायला नको."

रविवारी सकाळी सिद्धेश्वरीची गोळी दिली गेली नाही. भीमाशंकर ओरडला, हात जोडले, पुन्हा ओरडला. महादेवी ऐकेना, तिला व्यासपीठावर जाऊन अनुभव सांगायचा होता. शेवटी तो म्हणाला, "चल. पन मी बी वर येनार."

कार्यालय तुडुंब. महादेवी माईकपाशी पोहोचली, आणि तिच्या पाठोपाठ भीमाशंकरने दोन काचेचे पेले टेबलावर ठेवले. एकात कार्यालयाच्या नळाचं पाणी भरलं, दुसऱ्यात स्वामींच्या पेटीतलं. दोन्हींत दोन-दोन थेंब टाकले. नळाचा पेला पिवळा झाला. स्वामींचा तसाच राहिला.

"हे पिवळं हाय ते क्लोरीन," भीमाशंकरने सांगितलं. "माणसाला चांगलं, माशाला वाईट. तुमी पान्याच्या दिवशी पेटी घासून हेच भरता, अन् मासा मरतो. स्वामी तुमाला पयल्यांदा पान्याचा दिवस इचारतात, मग वार सांगतात. आमच्याकडं पानी दोन दिस उशिरा आलं, तर मासा बी दोन दिस उशिरा मेला. संकटानं काय वेळापत्रक बदललं व्हय?"

मागे कुजबुज झाली. जोतिराम उठून म्हणाले, "नास्तिक माणूस हाय, ऐकू नका." दुसरा म्हणाला, "पण पाणी पिवळं झालं की." तिसऱ्याला वाटलं, पिवळं झालेलं पाणी हेच संकट, त्याने पेल्याला नमस्कार केला. भीमाशंकरला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

स्वामी शांतपणे हसले. "माझे मासे आश्रमाचे. त्यांच्यावर कुणाचं संकट सोपवलेलं नाही, म्हणून ते सुखी."

"सुखी हाईत ते ह्यानं," भीमाशंकर म्हणाला. पेटीमागच्या पडद्याआड त्याने हात घातला आणि निळी बाटली वर काढली. मागे फिल्टर होता, हवेचा पंप होता, पाण्याने भरलेल्या दोन उघड्या बादल्या होत्या. "क्लोरीन मारायचं औषध. पानी बदलायच्या आधी घालतात. ज्याला मासा कसा जगतो हे इतकं नीट ठावं हाय, त्यानंच तुमाला मासा मारायची रीत शिकवली."

"ते तीर्थ आहे," रेवणसिद्ध घाईने म्हणाला. पुढच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलीने बाटलीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचली. वापरण्यापूर्वी हलवा. लोक हसले. पण हसून झाल्यावर निम्मे पुन्हा हात जोडून बसले.

महादेवी मात्र हसली नाही. तिने बाटली हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि माईक सुरू आहे हे विसरून स्वामींना विचारलं, "तुमच्या माशांना तुमी औशद घालता. अन् माज्या पोरीचं बंद करा म्हनता?"

स्वामी काहीतरी बोलणार होते. श्रद्धा, लहरी, असं काहीसं. पण ते ऐकायला महादेवी थांबली नाही.

ती खाली उतरली. "तम्मा, डॉक्टरला फोन लाव," ती म्हणाली. "सकाळची गोळी चुकली. आता द्यावी का, इचार."

डॉक्टर रागावले, आणि लगेच द्या म्हणाले. रिक्षावाल्याला दोघांनी घाई केली. घरी पोचल्यावर महादेवीने गोळी स्वतःच्या हाताने पोरीला दिली आणि तिने ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

पुढच्या रविवारी कार्यालय अर्धं भरलं. अर्धं! भीमाशंकरला राग येतो तो याचाच. पेला पिवळा झालेला ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्यांतलेच काही पुन्हा पिशवीत मासा घेऊन आले. महिन्याभरात स्वामींनी मुक्काम दुधनीला हलवला. तिथे पाणी आठव्या दिवशी येतं. वहीतली बेरीज तेवढी बदलली असेल.

तेव्हा सांगायचं ते सरळ सांगतो. घरात मासे जरूर पाळा, ते देखणे असतात. मासा मेला तर आधी पाणी बघा. वार सांगणारा भेटला, तर तो तुम्हाला आधी काय विचारतो, ते ऐका. आणि ज्याला आपल्या माशांना औषध लागतं हे कळतं, त्याला तुमच्या लेकराला ते लागतं हे कळत नसेल, असं समजू नका. त्याला पक्कं कळतं. कळायचं राहिलंय ते तुम्हाला.