शत्रूच्या फलकाला इस्त्री

या, असे जवळ सरकून बसा. मागे उभे आहात त्यांनीही पुढे या, जागा पुष्कळ आहे. आज सांगतो त्या गोष्टीत दगड आहेत, लाठ्या आहेत, अश्रुधूरही आहे. पण भिऊ नका, हसतच उठाल.

शनिवारी दुपारी लोरिसनं गुआल्तिएरोच्या स्वयंपाकघराचं दार खांद्यानं ढकललं आणि जाकिटाखाली दडवलेलं गाठोडं धप्पकन फरशीवर टाकलं. पाल्मिरा भरलेले ऑलिव्ह पिठात घोळवत होती. तिचे हात तसेच हवेत राहिले.

"काका, दार लावा. काकू, ती खिडकी ओढा."

"आता काय आणलंस मेल्या? पुन्हा कुणाचं कोकरू?"

"एकदाच आणलं होतं, काकू. आणि ते आपल्या पायांनी माझ्या मागं आलं होतं."

लोरिसनं गाठ सोडली आणि कापड उलगडायला सुरुवात केली. ते टेबलाखालून गेलं, चुलीला वळसा घालून ओसरीपर्यंत पोचलं, तरी संपेना. पांढरं शुभ्र नव्हे, पण एके काळी पांढरं असलेलं जाड कापड आणि त्यावर हिरवी, हातभर उंच अक्षरं: ससाणे, पोज्जोवेर्दे.

गुआल्तिएरो हातातला बडीशेपेच्या दारूचा पेला न पिताच खाली ठेवून उभा राहिला.

हा गुआल्तिएरो हाताचा गवंडी, पण रोक्कालूपा गावात त्याला गवंडी म्हणून कुणी ओळखत नसे. फुटबॉलच्या मैदानाच्या उत्तरेकडच्या स्टँडमध्ये 'लांडगे' म्हणवणारी आपली पोरं गातात, ओरडतात, ढोल बडवतात, त्यांचा तो म्होरक्या. कठड्यावर चढायचं, खेळाकडे पाठ करायची, कर्णा तोंडाला लावायचा आणि शेकडो गळे एका सुरात आणायचे. बायको म्हणायची, देवानं ह्याला गळा दिला चर्चसाठी आणि ह्यानं तो अर्धा मैदानावर उधळला. ते खरंही होतं, कारण रविवारी सकाळी प्रार्थनासंगीतात पहिल्या ओळीत उभा राहणारा माणूसही तोच.

"कुठं मिळालं?" त्यानं विचारलं.

"मिळालं नाही, आणलं! त्यांचा म्होरक्या सेत्तिमियो गाडी उघडी टाकून दफनभूमीत गेला होता. अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. काय करत होता कुणास ठाऊक! मागची डिकी उघडली, उचललं, सुटलो." लोरिस सव्वीस वर्षांचा बाप्या, पण आनंदानं जागच्या जागी उड्या मारत होता. "संपले ससाणे, काका! संपले!"

संपले, हे खरंच. आमच्याकडचा हा नियम कुठं लिहिलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. ज्या टोळीचा फलक शत्रूनं पळवला, ती टोळी त्या दिवशी मेली. तिनं नाव टाकायचं, ढोल गुंडाळायचे, पुन्हा त्या नावानं गायचं नाही. पळवणाऱ्यांनी तो फलक पुढच्या सामन्याला आपल्या कठड्यावर उलटा टांगायचा, अक्षरांचे पाय आभाळाकडे. आणि पुढचा सामना उद्याच होता, पोज्जोवेर्दे गावाशीच.

"उलटा टांगला की ते जाळी तोडून येणार," गुआल्तिएरो म्हणाला.

"येऊ देत की!"

"गेल्या वर्षी आले होते. ढोलवाल्या मिर्कोचे पुढचे दात अजून मैदानात पेरलेले आहेत. पोलिसांनी सांगितलंय, आणखी एक दगड पडला की आपलं स्टँड वर्षभर बंद. रिकाम्या खुर्च्यांपुढं खेळतील पोरं."

"मग काय, परत देऊ?"

परत देता येत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. दयेनं परत आलेला फलक गेलेल्या फलकापेक्षा लाजिरवाणा; सेत्तिमियोनं तो हातात घेतला नसता, तोंडावर फेकला असता. आणि आपल्या पोरांनी काकाला फितूर ठरवून कठड्यावरून खाली ओढलं असतं.

"ठेव इथं," गुआल्तिएरो शेवटी म्हणाला. "लुटलेला फलक म्होरक्याच्या घरी राहतो. उद्या बघू."

लोरिस जाताना चार ऑलिव्ह उचलून गेला, तेही कच्चे.

मग गुआल्तिएरो खुर्चीत बसून राहिला. त्याच्या डोक्यात स्टँड बंद होण्याची भीती होतीच, पण तिच्या मागं आणखी एक होती, ती त्याला कुणाला सांगता आली नसती. समोरच्या जाळीआड सेत्तिमियो नसेल, तर शिवी घालायची कुणाला? इतकी वर्षं हा एक ओळ टाकायचा, तो तिकडून दुसरी उचलायचा. बुवांच्या मागं झील धरणाराच उठून गेला, तर बुवांनी गाऊन काय करायचं?

पाल्मिराचं निराळंच चाललं होतं.

"शी! वाइन, धूर, आणि हे काय, मोहरी? असलं घाणेरडं माझ्या घरात रात्रभर राहणार नाही."

"अगं, शत्रूचा फलक आहे तो."

"शत्रूचा असला म्हणून काय झालं, कापडच ना?"

तिनं डाग पुसून काढले, टेबलावर घोंगडी अंथरली आणि इस्त्री तापवली. हातभर कापड दाबायचं, पुढं सरकवायचं. निम्म्यावर आल्यावर ती काठ चाचपत थांबली.

"हे बाजारचं कापड नाही. चादरी आहेत, लग्नात माहेरून आणतात तसल्या. काठावर टाका बघ कसला बारीक आहे." मग तिनं फलक पालथा केला, आणि इस्त्री उभी करून ठेवली.

मागच्या बाजूला, शिवणीलगत, बोटभर काळी फीत नव्यानं शिवलेली होती. तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यानं एवढंच: आदाल्जीसा, जानेवारी.

"सेत्तिमियोची बायको," पाल्मिरा हळूच म्हणाली. "लोकरीच्या बाजारात भेटायची मला. भाव करताना दुकानदाराला रडवायची. गेली? आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही?"

"कसं सांगतील? शत्रूला मयत कळवणं म्हणजे 'यंदा जरा दमानं घ्या' म्हणून विनवणं."

पाल्मिरानं पदरासारखा अॅप्रनचा कोपरा डोळ्यांना लावला, नाक ओढलं आणि पुन्हा इस्त्री उचलली. या खेपेला ती काठाकाठानं, फार सावकाश फिरवत होती.

रविवारी सकाळी चर्चमध्ये गुआल्तिएरोचा सूर दोनदा घसरला. बाहेर पडताना फादर उबाल्दोंनी त्याला दारात गाठलं.

"आज गळा कुठं ठेवून आलास रे?"

"दुपारसाठी राखतोय, फादर."

"राख. आणि ऐक, ते स्टँड बंद पडू देऊ नकोस. तुझी ती सगळी भुतं रविवारी दुपारी मोकळी सुटली, तर कोंडायला माझ्याकडं एवढी जागा नाही."

गुआल्तिएरो हसला. लोरिसला गाठून सगळं सांगून टाकावं, असं त्याला पायऱ्या उतरताना वाटलं. पण मोठ्या माणसाच्या सांगण्यानं पोराचा हात थांबतो, मन थांबत नाही. आणि थांबलेला हात कधी सुटेल याचा नेम नसतो. त्यानं दुसरंच ठरवलं.

दुपारी मैदान भरलं. पाहुण्यांच्या जाळीआड पोज्जोवेर्देची माणसं आली होती, पण नेहमीसारखी नाही. त्यांचा कठडा उघडा पडला होता. ढोल नव्हते, गाणं नव्हतं. सेत्तिमियो सगळ्यांत पुढं उभा होता, दोन्ही हात कोटाच्या खिशांत, आणि खिसे जड होऊन खाली ओघळले होते. त्याच्या मागं प्रत्येकाचे खिसे तसेच. मधल्या पट्टीत पोलिसांनी ढाली सरळ केल्या. खेळ सुरू झाला, पण त्याकडं पाहतो कोण?

"काका, आता!" लोरिस फलक खांद्यावर घेऊन कठड्याशी आला. पोलिसांच्या कॅमेऱ्यात तोंड दिसू नये म्हणून त्यानं नाकापर्यंत काळा रुमाल बांधला होता. "आणि हे काय? ह्याला इस्त्री कुणी केली?"

"तुझ्या काकूनं."

"शत्रूच्या फलकाला इस्त्री! लोक काय म्हणतील?"

"जाऊन विचार तिलाच. ती बघ, वरच्या पायरीवर बसलीय डबा घेऊन." लोरिसनं वर बघितलं आणि विचारायचं रद्द केलं. "ज्यानं आणला त्यानंच गाठी मारायच्या, रीत आहे. घे, काठ धर. मागच्या बाजूनं धर, म्हणजे पकड येईल."

लोरिस ओणवा झाला. काठ बोटांतून सरकवत तो गाठीची जागा शोधू लागला, आणि एका जागी त्याची बोटं अडली. त्यानं ते कापड उलटून पाहिलं. काळ्या फितीवरच्या अक्षरांवरून त्यानं अंगठा फिरवला.

"काका," रुमालाआडून आवाज आला. "ही तीच ना? मला 'ए लांबनाक्या, आई जेवायला घालते का नाही' म्हणून ओरडायची ती?"

"तीच."

"गेल्या वर्षी अश्रुधूर सुटला तेव्हा जाळीवरून लिंबं फेकली होती तिनं. एक माझ्या नाकावर बसलं. मी परत मारलं होतं तिला."

"अरे गाढवा, धुरात हुंगायला फेकली होती ती! डोळ्यांची आग कमी होते म्हणतात. दोन्हीकडं वाटत होती बिचारी."

लोरिसनं सेत्तिमियोकडं पाहिलं. मग हातातल्या कापडाकडं.

"म्हणून तो तिथं होता," तो म्हणाला. "अर्धा तास."

मागून पोरं ओरडत होती, "टांग रे! उलटा! उलटा!" गुआल्तिएरो कर्णा खाली धरून उभा होता. आता त्याच्या हातात काही नव्हतं; जे होतं ते लोरिसच्या बोटांत होतं.

लोरिसनं पहिली गाठ मारली. दुसरी मारली. फलक कठड्यावरून खाली सुटला, सळसळत पूर्ण उलगडला. हिरवी अक्षरं सरळ होती, पाय जमिनीला. मग त्यानं तोंडावरचा काळा रुमाल सोडला, आणि साऱ्या कॅमेऱ्यांसमोर उघड्या तोंडानं तो फलकाच्या कोपऱ्याला बांधला.

"अरे, सरळ लावला!" मागून कुणीतरी किंचाळलं. "लोरिस, वेड लागलं काय?"

"मयत आहे त्यांच्याकडं!" लोरिस मागं वळून गरजला. "टोप्या काढा, भडव्यांनो!"

गुआल्तिएरोनं मूठ वर केली. मिर्कोनं ढोलावर पालथा हात ठेवला. टोप्या उतरल्या. उत्तरेचं स्टँड गप्प झालं, आणि त्या मैदानात कितीतरी वर्षांनी चेंडूला बसलेली लाथ ऐकू आली.

जाळीपलीकडे कुणी हललं नाही. आमच्यात मयताचं कापड लूट म्हणून मोजत नाहीत. ते ज्याचं त्याच्या घरी जातं. हे त्यांनाही ठाऊक होतं. सेत्तिमियोचा एक हात खिशातून निघाला, रिकामा. मग दुसरा, मूठ उघडत. पायरीवर टक् टक् करत दगड घरंगळत गेला, आणि त्याच्या मागं तसेच आवाज पसरत गेले. एका पोलिसानं ढाल गुडघ्याला टेकवून नाक पुसलं.

सेत्तिमियोनं कर्णा मागितला. तोंडाला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला.

"अरे लांडग्यांनो!" आवाज चिरका येत होता. "डावा कोपरा लोंबतोय! एक गाठ धड मारता येत नाही, आणि म्हणे चोरी करतात!"

"आधी गाडीला कुलूप लावायला शिक, म्हाताऱ्या!" लोरिसनं इकडून हाणलं.

दोन्हीकडं हसू फुटलं. तेवढ्यात तिकडं गाणं सुरू झालं, रोक्कालूपाची टिंगल करणारं त्यांचं ठेवणीतलं. लांडगा म्हणे लांडगा, मेंढी बघून पळाला. सगळी जाळी गाऊ लागली. पण त्या गाण्याची शेवटची ओळ आदाल्जीसाची. ती एकटी उंच सुरात म्हणायची, बाकीच्यांनी थांबायचं. सवयीनं ते थांबले. आणि मग थांबलेच. कुणाला काय करावं सुचेना.

"बायकोनं लाटणं दाखवलं, तर पलंगाखाली दडला!"

आवाज उत्तरेच्या स्टँडमधून आला होता. वरच्या पायरीवर ऑलिव्हांचा डबा छातीशी धरून पाल्मिरा उभी होती, लालबुंद झालेली. गुआल्तिएरो तिच्याकडं पाहतच राहिला.

"काय बघतोस?" ती ओरडली. "पुढचं कडवं घे की!"

त्यानं घेतलं. दोन्ही स्टँडनी घेतलं. सामना कोण जिंकलं ते विचारू नका, मला कुणी नीट सांगू शकलेलं नाही. फलक लोरिसनं स्वतः घडी घालून जाळीवरून दिला, आणि लांबनाक्या म्हणून चार शिव्या खाऊन आला.

आता उठा, वेळ झाली. पण मरियममातेपुढं मेणबत्ती लावाल तेव्हा घरच्यांच्या नावांमागं पोज्जोवेर्देच्या आदाल्जीसाचंही नाव घ्या. जरा मोठ्यानं घ्या. तिला हळू बोललेलं आवडत नसे.