नॉर्मनला घरी कोण नेणार?

मी नॉर्मन बोलतोय. नावावरून मी कुणी बडा साहेब वाटेन, पण मी आहे रग्बीच्या सरावाची पिशवी. माणसाएवढा उंच, पिंपासारखा गोल, हात नाहीत की पाय नाहीत. आमच्या रेव्हन्सरॉइड क्लबातले लोक लांबून धावत येतात, मला खांदा मारतात, कवेत घेतात आणि चिखलात आडवा करतात. मग उभा करतात आणि पुन्हा आडवा करतात. हेच माझं आयुष्य, आणि खरं सांगू का, ते मोठं मजेत गेलंय.

माझा जन्म याच गावच्या लोकरीच्या गिरणीतला. मुलूखभरच्या चिंध्या तिथे यायच्या, पिंजून त्यांचं नवं कापड व्हायचं. गिरणी बंद पडली तेव्हा उरलेल्या चिंध्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. क्लबाने त्या मागून आणल्या, ट्रकच्या जुन्या ताडपत्रीत कोंबल्या आणि जाड सुतळीने तोंड शिवलं. माझ्या पोटात कुणाचा लग्नातला कोट आहे, कुण्या पोस्टमनची पँट आहे, सैनिकांची कांबळी आहेत. एवढी माणसं पोटात असल्यावर धक्क्याबिक्क्याचं मला काय वाटणार!

नाव मिळालं ते गावच्या नॉर्मन खाटकावरून. तरुणपणी तो मैदानात उभा राहिला की समोरचे वळसा घालून जायचे म्हणे. मला पाहायला तो मुद्दाम आला, मला एक गुद्दा मारून म्हणाला, "बारीक आहे, पण चालेल." आणि दुकानातल्या काळ्या रंगाने त्याने स्वतःच्या हाताने मला डोळे आणि भरघोस मिशा काढून दिल्या.

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव असतो. खेळ तेरा-तेरा जणांचा. बॉल घेऊन धावणाऱ्याला धरून पाडायचं, ती पकड. सहा पकडी झाल्या की बॉल दुसऱ्या संघाकडे. बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय झाली, तिचे गुण मिळतात. बघायला येणारे लोक टाळ्या वाजवतात त्या धावणाऱ्यासाठी, पण सामने जिंकले जातात पकडीवर. हे मला कुणी शिकवलं नाही, अंगावर सोसून कळलं.

माणूस कसा आहे ते मला त्याच्या खांद्यावरून कळतं. डगी ब्रिअर्ली हा आमचा सगळ्यात जुना गडी, दिवसभर छपरांवर कौलं बसवतो. तो येतो तो दार न वाजवता घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखा, थेट आत. काही जण आरडाओरडा करत येतात आणि शेवटच्या पावलाला हळूच वेग कमी करतात. बायकोशी भांडून आलेला माणूस जरा जास्तच जोरात लागतो. त्याला मी काही बोलत नाही.

आमच्या क्लबाची एक रीत आहे. मैदानाच्या कडेला स्वयंपाकघर, तिथे विनीमावशींचं राज्य. सामन्यानंतर दोन्ही संघांना गरम पाई आणि घोटलेले वाटाणे खाऊ घालायचे, जर्सी धुवायच्या, सगळं त्यांच्याकडे. सामना सुरू झाला की त्या खिडकीच्या कट्ट्यावर आमच्या तेरा जणांचे चहाचे मग ओळीने मांडतात आणि कुणाची पकड चुकली की त्याच्या मगात एक सुका वाटाणा टाकतात. शेवटी ज्याच्या मगात जास्त वाटाणे, त्याने मला खांद्यावर टाकून भर रस्त्याने घरी न्यायचं. आठवडाभर मी त्याच्या घरचा पाहुणा. जेवणाच्या टेबलाशी मला खुर्ची द्यायची आणि सरावाला पुन्हा खांद्यावर घेऊन यायचं. वाटाण्यांवर वाद घालायचा नाही. जो घालेल त्याला पाई नाही.

आता लाइलबद्दल सांगतो. लाइल ऑल्डरॉइड, सहा नंबरची जर्सी, गाद्यांच्या कारखान्यात कामाला. त्याचे पाय म्हणजे नुसती करामत! चार जण अंगावर येत असताना हा त्यांच्यातून असा निसटायचा की ते चौघे एकमेकांवर आपटायचे. शनिवारी निम्मं गाव त्याच्यासाठी यायचं. पण बॉल समोरच्याकडे गेला की साहेब थंड. कधी एखादी पकड झकास, कधी लागोपाठ तीन सोडलेल्या. सामना संपला की सगळे चिखलाचे गोळे आणि लाइल मात्र इस्त्रीचा.

"पोरगा हुशार आहे हो," म्हातारे बारमध्ये म्हणायचे, "पण दम आहे का? आणि आज आहे तो उद्या असेल का?"

डगी तर तोंडावरच चिडवायचा, "अरे गादीवाल्या, पडायच्या आधी खाली गादी शोधतोस की काय?"

लाइल हसायचा. पण आठवड्यामागून आठवडे मी त्याच्याच घरी जाऊ लागलो. त्याच्या गल्लीतले लोक मला माझ्या नावाने हाक मारू लागले. शेजारीण विचारायची, "काय रे लाइल, नॉर्मन आता भाडं देतो का?"

उपांत्य सामन्याच्या आठवड्यात, मंगळवारच्या सरावानंतर, आमचे कोच क्लिफ हेग यांनी त्याला माझ्या शेजारीच थांबवलं. क्लिफ पूर्वी बस चालवायचे. आवाज न चढवता बोलायची त्यांची सवय.

"लाइल, शनिवारी जिंकलो तर फायनल हॉलिंगलीशी आहे. त्यांची पोरं डोंगरासारखी आहेत. या शनिवारीही नॉर्मन तुझ्याच घरी गेला, तर फायनलला तू माझ्या शेजारी बाकावर बसायचंस."

"कोच, मी नसेन तर ट्राय कोण करणार?"

"नाही झाल्या तर नाही. पण भोक पडलेल्या बादलीत किती पाणी ओतू मी?"

हॉलिंगली म्हणजे शेजारचं गाव. त्यांच्याशी फायनल खेळायला मिळावी म्हणून आमच्याकडे लोक लग्नाची तारीख बदलतात. लाइलचा चेहरा उतरला. त्या दिवशी घरापर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि एरवी वाटेत तो माझ्याशी पुष्कळ बोलायचा.

घरी त्याची मोठी बहीण जॉस. ती आमच्या बायकांच्या संघात पहिल्या फळीत खेळते. तिचा खांदा लागला की माझ्या पोटातला पोस्टमनसुद्धा जागा होतो. तिने सगळं ऐकलं, भावाला बटाटे वाढले आणि म्हणाली, "जेव आणि मागच्या अंगणात ये."

अंगणात तिने मला भिंतीशी उभं केलं. लाइल धावत आला आणि धडकला. जॉसने मान हलवली.

"पुन्हा."

तो पुन्हा आला.

"पुन्हा. अरे देवा! लाइल, तू डोळे मिटतोस."

"काहीतरीच काय!"

"शेवटच्या पावलाला मिटतोस. मग लागला तर लागला, नाही तर गेला. तुला भीती वाटते."

लाइलने कपाळावरचा घाम पुसला. मग अगदी हळू म्हणाला, "वाटते ना. तुला नाही वाटत?"

"रोज वाटते, राजा," जॉस म्हणाली. "मी डोळे उघडे ठेवून घाबरते, एवढाच काय तो फरक. नॉर्मनच्या मिशीकडे बघ. मिशी दिसेनाशी झाली की समज डोळे मिटले."

त्या आठवड्यात तो रोज कामावरून आला की जेवायच्या आधी मला धडकायचा. पाऊस असो, थंडी असो. आधी खांदा कुठेही लागायचा, मग हळूहळू एकाच जागी लागू लागला. गुरुवारी तर मला वाटलं डगीच आलाय. मला इतका आनंद झाला की मी जरा जास्तच लांब जाऊन पडलो.

शनिवार उजाडला तो धो धो पाऊस घेऊन. मैदानाचं शेत झालं. मला स्वयंपाकघराच्या दाराशी आडोशाला टेकवून ठेवलं होतं, त्यामुळे समोर मैदान आणि शेजारी खिडकी, दोन्ही मला दिसत होतं. थोड्याच वेळात पाठीवरचे नंबर चिखलाने बुजले आणि कोण कोण आहे ते कळेना. मला मात्र लाइल कळत होता, कारण तो खांदा आता मला पाठ होता. तो पडत होता, उठत होता, पकडत होता, पुन्हा उठत होता. केसांपासून बुटांपर्यंत चिखल. आम्ही थोडक्यात जिंकलो.

पण खिडकीत भलतंच चाललं होतं. कडेला जोएल नावाचा नवा गडी खेळत होता, लाइलच्याच बांध्याचा. त्याच्या हातून पकडीमागून पकडी सुटत होत्या आणि त्याच्या अंगावर चिखलाचा शिंतोडा नव्हता. विनीमावशींनी काचेवरची वाफ पुसली, पावसातून नंबर काही वाचता येईना, पण मैदानात एकच स्वच्छ जर्सी पाहिली आणि म्हणाल्या, "हा बघा आमचा लाइल!" टप्पकन वाटाणा लाइलच्या मगात. पुन्हा टप्पकन. मी आतल्या आत ओरडत होतो, अहो मावशी, तो नव्हे! पण मिशा असून काय उपयोग, नॉर्मन खाटकाने मला तोंड काढून दिलेलं नाही.

सामना संपला आणि सगळ्यांचे मग तपासले गेले. लाइलचा अर्धा भरला होता. जोएलच्या मगात एकच वाटाणा, आणि तो तर हरखून सगळ्यांना दाखवत सुटला.

डगी पुढे झाला. "अहो मावशी, यानं आज तर..."

"वाद?" विनीमावशींनी पाईचा ट्रे मागे ओढला.

लाइलने मगात पाहिलं. क्लिफकडे पाहिलं. क्लिफ टोपी हातात फिरवत होते. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण दिलेला शब्द ते मोडत नसत.

"शब्द म्हणजे शब्द," लाइल म्हणाला. "चल नॉर्मन." आणि त्याने मला उचललं.

वाटेत तो कोपऱ्यावर थांबला, मला भिंतीला टेकवलं आणि माझ्या ओल्या अंगावर कपाळ ठेवून उभा राहिला. माझ्या पोटातल्या सगळ्या चिंध्या पिळवटून निघाल्या. आता हा पुन्हा मला हात लावणार नाही, असंच मला वाटलं. फायनल गेली, मग कशासाठी लावायचा?

रविवारी कुणीच सराव करत नाही. कोच नव्हते, जॉस तिच्या सामन्याला गेली होती, बघायला एक मांजरसुद्धा नव्हतं. पाऊस भुरभुरत होता. लाइल अंगणात आला, मला उभं केलं, मिशी पुसली आणि धावत येऊन खांदा मारला. मग उचललं आणि पुन्हा मारला. त्या दिवशी मला गावभरच्या त्या 'दम आहे का' या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी सुखाने चिखलात लोळत होतो.

इकडे विनीमावशी जर्सी धुवायला बसल्या होत्या. जोएलची जर्सी त्यांनी पाण्यात घातली तर पाणी गढूळसुद्धा होईना. मग सहा नंबरची उचलली. ती वाळून अशी कडक झाली होती की टेबलावर उभी राहिली. विनीमावशी मटकन खुर्चीत बसल्या. पुढच्याच क्षणी एका काखेत ती जर्सी आणि दुसऱ्या हाताने क्लिफना ओढत त्या लाइलच्या अंगणाच्या फाटकाशी हजर.

तेव्हा लाइल मला घेऊन जमिनीवर पडलेला होता.

"बघा!" विनीमावशी ओरडल्या. "बघा, हा रविवारीसुद्धा चिखलात आहे! आणि मी काय पाहिलं? स्वच्छ दिसला म्हणजे लाइल! माझ्या डोळ्यांना झालंय तरी काय?"

लाइल उठून बसला. ते चिखलाने माखलेलं तोंड हळूहळू हसू लागलं. "तुमची काय चूक, मावशी? मला आजवर चिखलात पाहिलंय कुणी?"

क्लिफनी ती जर्सी हातात घेतली, बोटाने टकटक वाजवली. "मलाही काल वाटलं होतं पोरा, की आज हा बरा पकडतोय. पण विनीच्या वाटाण्यांपुढे माझं काय चालतंय?" मग नाक शिंकरून म्हणाले, "फायनलला सहा नंबर तूच. आता त्या बिचाऱ्या नॉर्मनला श्वास तरी घेऊ दे."

विनीमावशींनी त्याला चिखलासकट मिठी मारली आणि स्वतःचा झगा खराब झाला म्हणून त्यालाच चार शब्द सुनावले.

फायनलला सगळं गाव लोटलं. लाइलने सुरुवातीलाच अशी एक ट्राय केली की हॉलिंगलीच्या लोकांनीही टोप्या काढल्या. पण माझं काळीज अडकलं ते शेवटच्या मिनिटात. आम्ही दोनच गुणांनी पुढे होतो आणि त्यांचा सगळ्यात दांडगा गडी बॉल घेऊन सुटला. मध्ये आमच्याकडचा एकटा लाइल. म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

लाइलने मिटले नाहीत. टक्क उघड्या डोळ्यांनी तो खाली वाकला, खांदा लावला आणि त्या डोंगराला आमच्या रेषेच्या हातभर अलीकडे आडवा केला. शिट्टी झाली. मग जे काही झालं ते काय सांगू! डगी रडत होता, जॉस त्याला गप्प करता करता स्वतःच रडू लागली, आणि पोस्टमनची पँट, लग्नाचा कोट, सगळे माझ्या पोटात नाचत होते.

पाई खायच्या वेळी शहरातल्या मोठ्या क्लबाचे एक गृहस्थ क्लिफजवळ आले. "पाय सुरेख आहेत पोराचे," ते म्हणाले. "पण असे हुशार खूप पाहिलेत आम्ही. एका सामन्यावरून काय कळणार? हा सोसेल का? आणि रोज सोसेल का?"

क्लिफनी मला दोन्ही हातांनी धरून उजेडात फिरवलं. माझ्या पोटाशी, कमरेच्या जरा वर, एक खोलगट खळगा पडला होता. आजूबाजूची ताडपत्री ताठ होती, खोल होती ती तेवढीच एक जागा. त्या गृहस्थांनी हातातली बशी बाजूला ठेवली, वाकून त्या खळग्यात आपला खांदा टेकवून पाहिला. तो नेमका मावला. पुढच्या हंगामासाठी त्यांनी लाइलचा पत्ता लिहून घेतला.

आता माझं वय झालंय. शिवण उसवलीय, एका बाजूने चिंध्या डोकावतात. या उन्हाळ्यात मला पुन्हा भरून शिवणार आहेत, म्हणजे मी बायकांच्या संघाला आणखी काही वर्षं पुरेन. जॉसचा खांदा झेलायचा म्हणजे अंगात बळ हवंच. तर बाबांनो, हवी तितकी सुतळी वापरा, नवी ताडपत्री लावा, मिशाही नव्याने रंगवा. फक्त पोटावरचा तो खळगा भरू नका. तो लाइलचा आहे.