उलटे महिने

रेगुलाने बोट बार्लाच्या डोळ्यांसमोर धरलं आणि हळूहळू डावीकडे नेलं. बार्लाचे डोळे बोटामागून गेले. किंचित उशिरा, पण गेले. हेल्मेट तिने मांडीवर उपडं ठेवलं होतं, त्याच्या कडेचा लाल वण कपाळावर उमटला होता.

"मळमळतंय?"

"नाही."

"उजेड टोचतोय?"

"तू टोचतेयस."

रेगुला हसली. ती आइस हॉकी संघाची फिजिओ, विंटरथूरची, सगळ्या मुलींना आपल्याच लेकी समजणारी. शेजारच्या बाकावर ओना गुडघ्यावर बर्फाची पिशवी दाबून बसली होती. बचावाच्या फळीत ती आणि बार्ला जोडीने खेळत. दोघी एकाच गावच्या. वरच्या खोऱ्यातली रोमान्श भाषा संघात या दोघींनाच येई. त्या आपसात बोलू लागल्या की गोलकीपर सेलीन मुद्दाम नाक दाबून म्हणायची, गोठा उघडला ग.

दुसरं सत्र संपता संपता बार्ला पक, ती रबरी चकती, काढायला गोलच्या मागे गेली होती. पाठमोरी असतानाच समोरच्या संघाची एक मुलगी वेगात येऊन तिच्यावर आदळली, आणि बार्लाचं डोकं कडेच्या भिंतीवर आपटलं. ती स्वतःच्या पायांनी उठली, काठीही स्वतःच उचलली. अंतिम सामना होता, बरोबरीत अडकलेला. तीन आठवड्यांनी जागतिक स्पर्धा. बार्ला चौतिशीची झाली होती. आज ती बर्फावर उतरली नाही तर पुन्हा तिला कोणी बोलावणार नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. प्रशिक्षक हुन्त्सिकर दोनदा दारात येऊन, काही न विचारता परत गेला होता.

"आता महिने," रेगुला म्हणाली. "डिसेंबरपासून उलटे. हवं तर तुमच्या भाषेत म्हण, ऑगस्टमध्ये म्हटले होतेस तसे."

नियमात तशी मुभाच होती. ज्याने त्याने आपल्या घरच्या भाषेत उत्तर द्यावं. मोसम सुरू होण्याआधीच्या तपासणीत बार्लाने हट्टाने रोमान्शच निवडली होती, आणि तिच्या भाषाभिमानाचं मुलींना तेव्हा कौतुक वाटलं होतं.

बार्लाने डोळे मिटले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट. इथवर ऐकताना रेगुलाही मान डोलवत होती. पुढे फेनादुर आला, गवतकापणीचा महिना, म्हणजे जुलै. मग त्सेर्क्लादुर यायला हवा होता, खुरपणीचा, म्हणजे जून. पण बार्ला थांबली नाही, अडखळली नाही. त्याच लयीत म्हणत गेली, श्टाइला, ब्रिना, फ्लुरा, मुस्का. मग फेव्रेर, आणि शेवटी शानेर, म्हणजे जानेवारी.

ओनाच्या हातातली पिशवी घसरली. श्टाइला, ब्रिना, फ्लुरा, मुस्का या बार्लाच्या वडिलांच्या गाई. लहानपणी उन्हाळ्यात वरच्या कुरणावर दोघींनी मिळून त्या वळल्या होत्या. आता त्यांतली एकही उरली नव्हती, आणि वडीलही नव्हते.

"बरोबर ना ग?" रेगुलाने ओनाकडे वळून विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

बार्लाने डोळे उघडले नव्हते.

"बरोबर," ओना म्हणाली.

रेगुलाने बार्लाच्या खांद्यावर थोपटलं आणि हुन्त्सिकरला सांगायला दाराकडे गेली. दारात तो उभाच होता. त्याने मोठा श्वास सोडलेला आतपर्यंत ऐकू आला. मुली काठ्या घेऊन उठू लागल्या. सेलीनने जाता जाता बार्लाच्या डोक्यावर टपली मारायला हात उचलला आणि वेळीच आवरला.

बार्ला स्केटच्या नाड्या आवळत होती. खाली वाकून, शांतपणे, ती त्यांच्या भाषेत बोलू लागली.

"तू सांगणार नाहीस, हे मला माहीत होतं."

"म्हणजे तू मुद्दाम..."

"ऑगस्टमध्येही गाईच सांगितल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यापासून हे मधले महिने सापडतच नाहीत ग मला. गाई सापडतात."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"वीस मिनिटं राहिलीत, ओना. तेवढी खेळू दे."

ओनाने मनातल्या मनात मरियेची प्रार्थना सुरू केली. पहिल्याच ओळीवर ती अडकली. पाठ होती, जिभेवर होती, पण पुढे म्हणवेना. समोर बार्लाची बोटं नाडीची गाठ बांधत होती, सोडत होती आणि तीच गाठ पुन्हा बांधत होती.

ओना उठली. लंगडत दारापाशी गेली आणि रेगुलाला म्हणाली, जर्मनमध्ये, म्हणजे सगळ्यांनाच कळेल असं, की बार्लाने महिने म्हटलेच नाहीत, गाईंची नावं म्हटली, आणि आपण खोटं बोललो.

रेगुलाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ती परत आली, बार्लासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने तिच्या मांडीवरचं हेल्मेट काढून घेतलं. बार्लाने ते घेऊ दिलं. हुन्त्सिकरने बाहेरच कुणाला तरी हाक मारून सांगितलं की आता ओनाबरोबर तू. मग स्केटांची पाती रबरी जमिनीवरून घासत एकेक मुलगी निघून गेली. डॉक्टरला बोलवायला रेगुलाही बाहेर पडली.

खोलीत दोघीच उरल्या. ओनाने वाकून बार्लाचा हात हातात घेतला. तो थंडगार होता.

"माझ्यावर रागावू नकोस," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. "सामना संपला की मीच तुला घरी घेऊन जाईन. तुझी आई वाट बघत असेल."

बार्लाने मान वर केली. संघात नुकत्याच आलेल्या मुलीशी बोलावं तशी ती अदबीने हसली.

"माफ कर हं," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मला कळलं नाही. जर्मनमध्ये सांगतेस का?"

बाहेर भोंगा वाजला. ओनाच्या नावाने कुणीतरी ओरडलं, दुसऱ्यांदा ओरडलं. ओना तशीच वाकून उभी होती आणि बार्लाच्या चेहऱ्यावर राग शोधत होती.