अडवलेला शब्द

शाळांमध्ये इंटरनेट बसवून द्यायचं आणि त्याला नको ती पानं अडवणारी चाळण लावायची, हा त्याचा धंदा. मुलांच्या डोळ्यांपुढे कसली कसली घाण येते ते त्यानं इतकं पाहिलं होतं की चाळणीबद्दल तो कुणाचं ऐकून घेत नसे. एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तक्रार केली, शरीररचनेचा धडाच उघडत नाही म्हणून. त्यावर यानं हसत सांगितलं, सुक्याबरोबर ओलंही जळायचंच. बाई बिचाऱ्या फळ्यावर चित्रं काढून शिकवू लागल्या.

घरातली चाळण तर आणखी बारीक. बायको त्याला कोतवालसाहेब म्हणायची. नको तो शब्द टाकला की पान अडायचं आणि याच्या फोनवर सूचना यायची. त्यात अख्खा प्रश्न नसे, नुसता अडलेला शब्द. पाल्हाळ कशाला हवं, म्हणून तसं त्यानंच ठरवलं होतं.

एका दुपारी लेकीच्या फोनवरून सूचना आली: 'स्तन'. सातवीतली पोर! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम टाकून तो घरी आला आणि बायको कामावरून यायच्या आत त्यानं लेकीला फैलावर घेतलं. का शोधलंस, हे मात्र एकदाही विचारलं नाही. ती मान खाली घालून एवढंच म्हणाली की पुन्हा नाही करणार. त्यानं फोन काढून घेतला आणि पोरीची लाज राखायची म्हणून बायकोला फोन बिघडलाय एवढंच सांगितलं. आपल्या या मोठेपणाचं त्याला कौतुकही वाटलं.

पुढे बरेच महिने गेले. बायकोची काख सुजली, तेव्हा कुठे ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गाठ जुनी आहे, पसरली आहे, लवकर यायला हवं होतं. बायको आत होती. बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी बसून लेक आपली नखं कुरतडत होती.

"आईनं मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "छातीत गाठ लागतेय, काय असतं ते जरा बघ. बाबांना इतक्यात सांगू नको, ते घर डोक्यावर घेतील. मी बघत होते, पण पान उघडलंच नाही. मग तुम्ही आलात."

"मग आईला काय सांगितलंस?"

"काळजीचं काही नाही म्हणतात, असं. तुम्ही रागावलात ते सांगायची लाज वाटली. बाबा, माझ्यामुळे झालं का हे?"

"नाही गं. माझ्यामुळे." आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपली लाज वाटली, आणि ती कुठे लपवावी ते कळेना.

त्याच आठवड्यात त्यानं घरातली चाळण नव्यानं लावली. घाण अडवणारी जाळी ठेवली, कारण घाण काही कमी झाली नव्हती. पण शब्द सगळे सोडले, सूचना बंद केल्या. फोन लेकीच्या हातात देऊन म्हणाला, आता हवं ते विचार, मी बघणार नाही.

बायकोचे उपचार सुरू झाले. एका संध्याकाळी ती आत झोपली होती, डोक्याला रुमाल बांधून. लेकीनं फोनवर काहीतरी लिहिलं, पण बोट मध्येच थांबलं. तिनं फोनचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"बाबा, हे विचारलं तर चालेल?"

पडद्यावर लिहिलं होतं: आईचे केस परत कधी येतात.