कांडोळीचा डिंक

कोंडाजीने खलबत्त्यातली डिंकाची पूड चिमटीत घेतली, उजेडात धरून बोटांवर चोळली आणि पुन्हा बत्ता उचलला. अजून भरड होती. मागच्या खेपेला अशीच भरड राहिली होती, तेव्हा तिचे खडे हिरड्यांना टोचून भाकरी नकोशी झाली होती.

दाराशी लाकडाची मोळी टेकवून भागूबाई बसली होती. लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतली ती. मोळी विकायला खाली उतरली की कोंडाजीच्या ओटीवर घडीभर टेकायची तिची जुनी सवय.

"आबा, पीठ करा त्याचं, पीठ. आनि फडक्यातनं गाळा."

"गाळतो गं बाई. दात माझे आणि घाई तुला!"

दात म्हणजे कवळी. पुण्याच्या डॉक्टरने करून दिली तेव्हा चापून बसायची. पुढे जबडा झिजला, आणि कवळी कोंडाजीच्या तोंडात भाडेकरूसारखी वागू लागली. मनात येईल तेव्हा बाहेर पडायची. ती चिकटवायची पूड मुंबईहून यायची. तिचा डबा संपला, तेव्हा भागूबाईने रिकामा डबा नाकाशी नेला आणि म्हणाली, "ह्यो आंबूस वास आमच्या कांडोळीच्या झाडाचा. डिंक हाय ह्यो." दुसऱ्याच दिवशी पदरात बांधून तिने डिंकाचे खडे आणून दिले.

एरवी कोंडाजीने दातांची एवढी पर्वा केली नसती. पण अंबाजीचं कार्ड आलं होतं. पोरगा नागपूरकडे कारखान्यात होता. या मे महिन्यात तो मित्राच्या कुटुंबाबरोबर मोटारीने लोणावळ्याला येणार होता, बायको आणि पोरीला घेऊन. पोरीचं नाव रतन. कोंडाजीच्या गेलेल्या बायकोचंच. आजोबाने नातीला अजून पाहिलंही नव्हतं.

कोंडाजीची सारी नोकरी वडगावच्या कोर्टात पुकारा करण्यात गेली होती. त्याने नाव पुकारलं की बाहेर झाडाखाली डुलक्या घेणारा पक्षकार धडपडून उठायचा. आता पुकारायला घरात मांजरसुद्धा नव्हतं. बायको गेल्यापासून दिवसच्या दिवस तो बोलायचा नाही, आणि बोललो नाही हे त्याच्या ध्यानातही यायचं नाही. पण कार्ड आलं आणि त्याला कंठ फुटला. नातीला कोर्टातली शेळीची गोष्ट सांगायची, हे त्याने त्याच दिवशी ठरवलं. आणि गोष्ट ऐन रंगात असताना दात मांडीवर पडून पोर घाबरली तर?

पूड मनासारखी झाली. कोंडाजीने ओल्या कवळीवर ती भुरभुरवली, कवळी तोंडात बसवली आणि अंगठ्याने दाबून धरली. जरा वेळाने डिंक ओल धरून फुगला, मऊ लगद्यासारखा झाला आणि टाळूला घट्ट चिकटला.

"आता ऐक," तो भागूबाईला म्हणाला. "चोरीचा खटला होता. चोरलेली शेळी आणून कोर्टाच्या दारात बांधलेली. मी पुकारा केला, 'गेणू धोंडू, हाजिर है?' आणि शेळीच ओरडली, 'बें!' जज्जसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला!"

भागूबाई खदाखदा हसली. तिच्या हसण्याने कोंडाजीला चेव आला. शेळी झाली, मग साक्ष द्यायला घाबरणारा पैलवान झाला, चहा झाला, कोर्टाच्या छपरावरची माकडं झाली. माकडं उतरता उतरता वरची कवळी खाली आली.

"आबा, दात निसटलं!" भागूबाई मोठ्याने म्हणाली.

कोंडाजीने चटकन तोंडावर हात धरला. "तुझा डिंक नकली आहे."

"डिंकाला बोल लावू नगा. पानी पितो तवर धरतो, लय पिला की इरघळतो. बोललं की तोंडाला पानी सुटतं, आनि वरनं तुमी कडकडीत च्या वतला."

"मग काय तोंड शिवून बसू?"

"च्या गार करून प्या. आनि त्या दिशी नातीच्या आदी दुसऱ्या कुनासंगं बोलू नगा. सगळा डिंक तिच्यासाटी राखा."

हे कोंडाजीला पटलं.

मोटार आली त्या दिवशी तो पहाटेपासून मुका होता. शेजारच्या झुंबरबाईने "लेक येनार का आज?" म्हणून विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. अंबाजी पाया पडला. "आबा, बरं आहे ना?" त्याने विचारलं.

"बरं आहे."

"कवळी छान बसलीय की!" अंबाजी म्हणाला आणि मित्राला घर दाखवायला आत गेला. सुनेने पोरीला पुढे केलं. रतनने आजोबाकडे एकदा पाहिलं आणि आईच्या पदरात तोंड लपवलं. लाजते आहे, कोंडाजीला वाटलं. होईल ओळख. दिवस मोठा आहे.

"तुम्हीही चला आबा," असं अंबाजीने आपणहून म्हटलं, तेव्हा तर त्याचं मन भरून आलं. म्हाताऱ्या माणसाला मान म्हणून त्याला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. रतन मागे, मित्राच्या मुलींबरोबर. वळवणचं धरण आलं, कार्ल्याच्या पायऱ्या आल्या. त्या चढवणार नाहीत म्हणून कोंडाजी खाली सावलीत, करवंदं विकणाऱ्या ठाकर बायकांच्या ओळीपलीकडे एकटा बसून राहिला. पोरी वरून हसत खिदळत आल्या त्या थेट मोटारीत शिरल्या. हॉटेलात मोठ्या माणसांचं कारखान्याचं बोलणं चाललं. कोंडाजीने दोनदा घसा साफ केला. दुसऱ्यांदा सुनेने पाण्याचा पेला पुढे सरकवला. कोणी त्याला दुखेलसं काही बोललं नाही. कोणी काही विचारलंही नाही. परतताना रतन आईच्या मांडीवर झोपली होती, तिला उठवू नका, असं तोच खुणेने म्हणाला.

मोटार वळणाआड गेली. दिवेलागण व्हायची होती. कोंडाजीने न्हाणीपाशी बसून कवळी काढायला अंगठा लावला. ती हलेना. त्याने कोमट पाण्याच्या चुळा भरल्या, पुन्हा ओढून पाहिली, आणि शेवटी ती सुटली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. डिंकाचा थर जसाच्या तसा होता. पांढुरका, जाड, सकाळी लावला होता तसा. दात पडला तर माणसाला लाज वाटते. कोंडाजीला तो न पडल्याची वाटली. त्या रिकाम्या घरात इतकं एकटं त्याला बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी भागूबाई मोळी घेऊन आली. डोक्यावर मोळी तशीच ठेवून तिने विचारलं, "टिकला का डिंक?"

"टिकला," कोंडाजी म्हणाला. "दिवसभर हलला नाही."

भागूबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग मोळी उतरवली आणि ओटीवर नीट मांडी घालून बसली. "नातीला शेळी सांगितली?"

कोंडाजीने धोतराचा सोगा झटकला. मग म्हणाला, "सांगितली तर! अशी हसली म्हणतेस. माझ्या मांडीवर चढून बसली."

"व्हय?"

"व्हय. कार्ल्याच्या पायऱ्या माझं बोट धरून चढली. म्हणे, आबा, परत बें करा. लोक बघायला लागले, पण मी केलं."

"कार्ल्याला," भागूबाई हळूच म्हणाली, आणि पायाशी पडलेली काटकी उचलून तिची साल सोलू लागली.

कोंडाजी बोलत राहिला. रतनने हॉटेलात काय खाल्लं, वाटेत काय काय विचारलं, जाताना कशी गळ्यात पडून रडली. ऊन ओटीवरून अंगणात उतरलं. वाडीची चढण चढायची वेळ होऊन गेली, तरी भागूबाई उठली नाही. त्याचे शब्द सरकायला लागले होते. वरची कवळी सुटून खाली आली, त्याने ती जिभेने वर सारली, पुन्हा बोलला, पुन्हा अंगठ्याने दाबली. भागूबाईची नजर काटकीवरून हलली नाही.

"मग ती मला विचारते," कोंडाजी तोंड धरून धरून म्हणाला, "आबा, त्या शेळीचं नाव काय होतं?"

"मंग?" भागूबाई म्हणाली. "तुमी काय सांगितलं?"