दुसऱ्या कागदावरची भारती

आधी कागद सुटतानाचा आवाज यायचा. भारती मागाहून यायची. जखमेवरची पट्टी कुणीतरी मायेने, श्वास रोखून काढावी तसा तो ओलसर, लांबत जाणारा ध्वनी माघाच्या तिरप्या उन्हाबरोबर आमच्या भिंतीतून पाझरायचा. भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीतली भिंतच अशी, की शेजारी भारतीने मोहरी टाकली तर फोडणी माझ्या आमटीला बसायची. तो आवाज विरला की पाठोपाठ ती दारात उभी राहायची. दोन्ही हातांत ओला कागद, नखांच्या कडांना निळाईची कोर, आणि चेहऱ्यावर, चोरून आंबा पाडलेल्या मुलीचं असतं तसं, अर्धं लपवलेलं हसू.

तिचे हात खाडीकाठचे होते. पंजा रुंद, बोटं आखूड, तळव्यावर राई गावच्या शेतातली लहानपणीची लावणी अजून रेषांसारखी उमटलेली. पण कागदाचे दोन कोपरे चिमटीत धरून ती तो उचलू लागली, की तेच हात निजलेल्या लेकराच्या अंगावरची चादर काढत असल्यासारखे हळुवार होत. नवरा गेल्यानंतरच्या सुन्या दुपारी हे वेड तिला मोबाईलवरच्या एका व्हिडिओने लावलं. एक मऊ, पारदर्शक लादी. तिच्यावर रंग, रंगावर पान, पानावर कागद. बस, एवढंच.

एवढंच म्हणायला सोपं. लादी घरी करायची तर जिलेटिन हवं. आणि जिलेटिन हाडांचं. आमच्या इमारतीत अंडंसुद्धा पिशवीच्या तळाशी, मेथीच्या जुडीखाली लपून जिना चढतं. ज्या माहेरी अंगणभर सुके बोंबील वाळायचे तिथली ही लेक, पण शेजाऱ्यांची श्रद्धा जपायची म्हणून तिने जिलेटिनऐवजी चायना ग्रास उकळलं. सकाळी ताटात ते असं थरथरत होतं, जणू पौर्णिमेचा चंद्र चुकून आमच्या मजल्यावर उतरला आणि आता परत कसं जायचं या काळजीत पडला. तिने त्याच्यावर रंग फिरवला, करंजाचं पान ठेवलं, कागद दाबला, ओढला, आणि अर्धा चंद्र कागदाबरोबर वर आला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची जिग्नाबेन वाटी-चमचा घेऊनच हजर. "भारतीबेन, इसमें शक्कर डाला के नहीं?" तिने चमचाभर चाखलंही, आणि पुढच्या रविवारपर्यंत तिचं हसू निळं होतं. हे मी शपथेवर सांगते. माझी शपथ किती स्वस्त आहे ते इमारतीला ठाऊक आहे.

मग त्या लादीची तयार प्लेट पार्सलने आली. वितळता वितळता मध्येच विचार बदललेल्या काचेसारखी. तिच्या सहवासात भारती ऐकायला शिकली. रोलरखाली रंग जास्त असला की चिखलात पाय रुतल्यासारखा चपचप आवाज येतो; तो पातळ पसरत गेला की आवाज कोरडा होत होत रेशमाच्या कुजबुजीवर येतो, आणि त्याच क्षणी पान ठेवायचं असतं. पहिला कागद दाबून काढला की त्यावर रंग दाट उतरतो, पण पानाच्या जागी नुसता पांढरा आकार राहतो. मग पान अलगद उचलायचं आणि प्लेटवर उरल्यासुरल्या रंगावर दुसरा कागद ठेवायचा. हा दुसरा फिकट येतो. पण पानाची शीर न् शीर त्याच्यावर उमटते. व्हिडिओतली बाई त्याला घोस्ट प्रिंट म्हणायची. जिग्नाबेनच्या कानांनी त्याचं गेस्ट प्रिंट केलं. "ये गेस्टवाला मेरे को दो ना, भारतीबेन," असं ती म्हणाली तेव्हा मी हसून भिंतीला टेकले. भारती हसली नाही.

"बरोबर बोलली ती," ती म्हणाली. "ही माहेरवाशीण. पहिला सगळा रंग घेऊन जातो. उरतं त्यात हिचं भागतं."

तेव्हापासून आमच्यात दुसऱ्या कागदाचं नाव माहेरवाशीण पडलं.

पानं ती माहेराहून, राईहून आणायची. खाडीकडच्या वाऱ्यात मिठाचा वास, ओटीवर भावाची, नरेशची, जुनी लाकडी खुर्ची, मागे भेंडीचं डेरेदार झाड, कुंपणाला करंज. तिथून येताना तिच्या पिशवीत एवढा हिरवा काळोख असायचा, की रिक्षावाल्याने एकदा दिवसाढवळ्या दिवा लावला होता. तिचं सारं माहेर ती असं पानापानाने भाईंदरला आणत होती. कुणाला कळू न देता, आणि बहुधा स्वतःलाही.

मग त्या घराच्या जागी टॉवर ठरला. भावाने हक्कसोडीचे कागद पुढे केले. बहिणीने आपला वाटा भावासाठी सोडायचा, भावाने बहिणीला साडी घ्यायची, आणि दोघांनी मिळून याला प्रेम म्हणायचं, अशी ही आपल्याकडची रीत; तिच्यात सही एकीचीच लागते. मी तिच्याशी कडाकडा भांडले. ती म्हणाली, मला भिंत नको, खोली नको. नरेशकडे तिने एकच गोष्ट मागितली होती: नव्या घरी मी येईन तेव्हा, कोणाकडे आलीस, असं मला कोणी विचारता कामा नये.

"तुला कोन इचारल गो?" तो म्हणाला होता. "आपलाच घर हाय."

एवढ्या वाक्यावर तिने सही केली. साडी आली; मोरपंखी, रुंद जरीकाठाची. ती तिने अंगाला लावली नाही. एका सकाळी भिंतीतून रोलरचा आवाज आला, चपचपीवरून कुजबुजीवर उतरला, आणि मग मध्येच कात्रीचा कर्रकर्र. मी धावत गेले तेव्हा साडीचा काठ कापून तिने पानासारखा प्लेटवर निजवला होता. तिने पहिला कागद ओढला: गडद, तेजस्वी निळा, आणि मधून आडवा गेलेला कोरा पांढरा पट्टा. मग काठ उचलून दुसरा ओढला: धूसर, आजारी उन्हासारखा, पण त्यावर जरीची वीण, कोयरीची कड, धाग्याला आलेली एक गाठसुद्धा. पहिला तिने नरेशसाठी बाजूला ठेवला, दुसरा स्वतःजवळ.

टॉवरच्या वास्तुशांतीला तिने मला बरोबर नेलं. पहिला कागद काचेच्या चौकटीत घालून तिने छातीशी धरला होता. जिथे कुंपणाचा करंज होता तिथे आता फाटक. फाटकाशी गणवेशातला एक परका माणूस. त्याने मोबाईल पुढे धरून सवयीने विचारलं, "किसके यहाँ जाना है? गेस्ट?"

भारतीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत रडू नव्हतं. एखादा शब्द शेवटी आपल्या पत्त्यावर पोचल्याची कोरडी ओळख होती. ज्या मातीत तिची नाळ पुरलेली, तिच्यावर उभं राहून तिने त्या माणसाला शांतपणे आपलं नाव लिहू दिलं.

वर नरेशने चौकट उचलून उजेडात धरली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर तिला बरं पडलं असतं. रंग त्याला फार आवडला. "पन मधी यो पट्टा कोरा कशाला ठेवलास गो बाय?"

"तो माझा वाटा हाय," भारती म्हणाली.

तो इतक्या मोठ्याने हसला, की होमाचा धूर क्षणभर वाकडा झाला. मग पाहुण्यापाहुण्याला तो तिचं उत्तर ऐकवत फिरला, आमची बाय अजून तशीच नाटकी हाय म्हणून. चौकट दारामागे, चपलांच्या कपाटावर लागली. परतताना भारतीच्या पिशवीत एकही पान नव्हतं.

त्यानंतर तिने प्लेटला रंग लावला नाही. पुढे लेक तिला बेंगळुरूला घेऊन गेली; इथल्या तिच्या गॅलरीला आता कबुतरांची जाळी आहे आणि भिंतीपलीकडच्या नव्या माणसांच्या फोडणीचा वास माझ्या आमटीला मानवत नाही. जाताना तिने दुसरा कागद माझ्या हातात ठेवला. तो माझ्या खोलीत आहे. माघाचं ऊन त्याच्यावरून रोज थोडं थोडं काही उचलून नेतं. निळं जवळजवळ गेलं, धाग्याची गाठ तेवढी उरलीय. काळ पहिल्या कागदासारखा येतो आणि सगळा रंग घेऊन जातो. आठवण त्याच्या मागून येते, उरल्यासुरल्यात शीर न् शीर जपते, आणि आपल्याच दारात उभी राहून, कोणाकडे आलात, या प्रश्नाला निमूटपणे नाव सांगते.